आतून ओले हातमोजे

बाबा, आज दसऱ्यानंतरचा दिवस, आणि सकाळी मी एका माणसाचं मनगट सगळ्यांसमोर घट्ट धरलं. अंधेरीच्या आमच्या कारखान्यात वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओततात. भट्टीवरच्या लोकांना चंदेरी कोट, तोंडावरची काच, हातमोजे द्यायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक मोज्यात मी आधी स्वतःचा हात घालून बघते. लोक हसतात, हसू देत. काल पूजेसाठी कुणीतरी मोजे धुतले होते, आणि ओतकामावरच्या सगळ्यात जुन्या माणसाने त्यातलाच एक जोड परस्पर चढवला. “सुके आहेत ना मॅडम! माल तयार आहे, कशाला खोटी करताय?” तो हात सोडवून घेत होता, मागे भट्टी धगधगत होती. “माल गेला खड्ड्यात, आधी काढ ते!” मी ओरडले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्याला अरेतुरे केलं.

मला त्या वेळी आपली कांजूरमार्गच्या घरातली मोरी दिसत होती. मी अकरा वर्षांची आहे. दसऱ्याला पुजायला म्हणून तुम्ही साकीनाक्याच्या तुमच्या ओतकामाच्या गाळ्यातून तुमचे चामड्याचे हातमोजे घरी आणलेत, काजळीने काळेकुट्ट. देवासमोर असे कसे ठेवायचे, म्हणून मी तुम्हाला न विचारता ते साबणाने खसाखसा घासते आणि खिडकीत वाळत घालते. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या फुलांत ते बघून तुम्ही आईला हाक मारता, “अगो, चेडवान काय झकास केल्यान ता बघ!” आमटीत मीठ जास्त झालं तर बोलणारे आणि बरोबर असलं तर मुकाट जेवणारे तुम्ही. दिवसभर माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही भरदुपारी घरी आलात, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. चामडं वरून वाळलं होतं, आतलं अस्तर वाळलं नव्हतं. वितळलेल्या धातूच्या पळीजवळ त्या ओलीची वाफ झाली आणि मोजा ओढून काढेपर्यंत बोटं भाजून निघाली. ओले घातलेच कसे, म्हणून आई रडत भांडत होती. “थंड वाटूचा म्हणान मीच भिजवलंय. माझी चूक,” तुम्ही म्हणालात आणि एकदाच माझ्याकडे बघितलंत. त्यानंतर तुमच्या शर्टाची बटणं कायम आईनेच लावली. तो विषय तुम्ही मरेपर्यंत काढला नाहीत, आणि मीही नाही.

आज त्या माणसाने शेवटी मोजा काढला, आत बोटं घातली आणि म्हणाला, “च्यायला, ओले आहेत की.” मग तो बाकावर बसून राहिला. मी स्टोअरमध्ये आले आणि उरलेल्या प्रत्येक मोज्यात पुन्हा हात घालून बघितला.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहायचं धाडस झालं. पोरीला काय कळतंय, असं समजून तुम्ही मला पाठीशी घातलंत. पण हात भाजला त्या दिवशी सकाळी, कामाला निघण्याआधी तुम्ही चहा पीत होतात, तेव्हा मी मोज्यात हात घालून बघितला होता, बाबा. बोटांच्या टोकांना गार लागलं होतं. सांगितलं असतं, तर तुमचं ते ‘झकास’ गेलं असतं.