चौकटीवरची खाच

१९ एप्रिल
ऊन मरणाचं. सकाळी पूररेषेचं माप घेणारे गल्लीत आले. तिपाई, दुर्बीण, लांब पट्टी. साहेब अगदी पोरगेला, टोपी घालून, घामाने डबडबलेला. जुन्या पुराची खूण कुठे आहे का, म्हणून दारोदार विचारत होता. कोणी म्हणे पारापर्यंत पाणी आलं, कोणी म्हणे मारुतीच्या पायरीपर्यंत. शेवटी मीच मशीन बंद करून हाक मारली. म्हटलं या, आमच्याकडे पक्की खूण आहे. ब्लाउजचं गिऱ्हाईक बसलं ताटकळत.

दाराच्या सागवानी चौकटीवरची खाच दाखवली. पांझरा नदीच्या पुराचं पाणी ओसरल्यावर आबांनी विळ्याने पाडलेली. आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. ते बाहेर आले आणि सगळं सांगितलं. धाकटी बहीण मथू त्यांच्या हातातून कशी सुटली, पाणी कसं डोक्यावरून चाललं होतं. साहेबाने गल्लीतून खाचेची पातळी घेतली, आबांचा जबाब लिहिला, सही घेतली. म्हणाला, अशी खूण नशिबाने मिळते. मी दिवसभर उगाच टेचात.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. आबांनी दरवर्षीसारखी मथूच्या नावाची छोटी घागर वेगळी भरली आणि चौकटीशी ठेवली. खाचेला कुंकू लावलं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, त्या दिवशी ते आमरसाला हात लावत नाहीत. मी आग्रह करायचं कधीच सोडलंय.

ह्यांना भुसावळहून सुटी मिळाली नाही. रेल्वेला सण नसतो, हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. सोनगीरहून दादाचा फोन आला, माहेरी का आली नाहीस म्हणून. गेले असते तर आबांना कोण बघणार.

१७ जून
न.पा.च्या फलकावर नकाशा लागला. गर्दीत घुसून पाहिला. आमची अख्खी गल्ली निळ्या रेषेच्या आत. निळ्याच्या आत नवीन वीट ठेवायची नाही. निळी आणि लाल यांच्या मधे असतो तर जोतं उंच करून बांधता आलं असतं. पार वरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत निळी रेषा गेलीय. सगळे साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते. मीही मोडली.

समोरची शबाना नकाशावर आपलं घर शोधत होती. तिचं घरकुल मंजूर झालं होतं. आता बांधायची परवानगीच नाही म्हटल्यावर काय. मातीची भिंत बल्लीला टेकवून ठेवलीय तिने, नवं घर होणार म्हणून डागडुजीही केली नव्हती.

२२ जून
रात्रभर पाऊस. शबानाकडे चहा. तिची सासू, आमची सगळ्यांची खाला, भिंतीतल्या ताकाखाली, म्हणजे कोनाड्याखाली, बसलेली. बोलता बोलता जुन्या पुरावर आली. तेव्हा ती नुकतीच सून होऊन आलेली. म्हणाली, “आमना ताकमा कुराण शरीफ व्हता. त्याले पानी लागनं नही.”

मी हसून म्हटलं, खाला, पाणी डोक्यावरून होतं, ताक कसा कोरडा राहील? खाला चिडली. म्हणाली मी काय खोटं बोलू, तेही कुराणाबाबत?

ताक माझ्या खांद्याच्या उंचीला आहे. तिच्या घराची जमीन गल्लीच्या जवळजवळ बरोबरीने. घरी येताना गल्लीतून आमच्या चौकटीकडे पाहिलं. खाच डोक्याच्याही वर.

२३ जून
आबा झोपले तेव्हा टेप काढला. ज्या टेपने छाती-कंबर मोजते तोच.

खाच चौकटीच्या तळापासून माणसाच्या छातीइतकी. आणि चौकटीचा तळ गल्लीपासून माझ्या कमरेइतका उंच, कारण घराचं जोतं तेवढं आहे. पण पुराच्या वेळी हे घर नव्हतंच. जुनं मातीचं होतं, जमिनीसरशी. आबांनी मागाहून पक्कं बांधलं, पुराच्या धास्तीने जोतं उचललं, आणि रीतीप्रमाणे जुनी चौकट नव्या घराला बसवली. खालाच्या नवऱ्यानेच बसवली, तो सुतार होता. घराची लक्ष्मी जुन्या चौकटीतून येते म्हणतात. लक्ष्मीबरोबर खाचही वर चढली.

गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की चौकट जुन्या घराची. आबांना माहीत, खालाला माहीत, मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलेलं. या चौकटीसमोर मशीन टाकून अर्धं आयुष्य गेलं माझं. दुसऱ्यांच्या बाहीत अर्धा इंच फरक पडला तर मला दिसतो. आणि साहेबाला मी हाक मारून बोलावलं.

हे मी केलं. शबानाचं घर मी अडवलं.

२६ जून
ह्यांना फोनवर सांगितलं. पहिलं वाक्य, तू गप्प बस. लोक आपल्यावर उलटतील म्हणाले. मग जरा थंड झाल्यावर, अगं रेषा वर आहे तर चांगलंच ना, कोणी नदीत बांधणार नाही, उद्या मोठा पूर आला तर जीव तरी वाचतील. हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. रेषा खाली आली, शबानाने घर बांधलं आणि खरंच त्याहून जास्त पाणी आलं तर? तेव्हा मी कोणाला तोंड दाखवू?

पण ती आत्ता तरी कुठे उंचावर राहतेय. त्याच जागी, मातीच्या भिंतीखाली राहतेय. नवं बांधेल ते निदान जोतं उचलून बांधेल.

२८ जून
न.पा.त जाऊन आले. हरकत घेता येईल. पण जबाब आबांच्या सहीचा, तो त्यांनाच दुरुस्त करावा लागेल. म्हणजे आबांना सांगायला हवं.

सांगायचं काय? की आबा, पाणी डोक्यावरून नव्हतं. छातीपर्यंत होतं. तुम्ही उभे राहू शकत होता.



२ जुलै
आज सांगणारच होते. आबा शेंगा सोलत बसलेले. त्यांनी चांगल्या चांगल्या शेंगा माझ्या वाटीत टाकल्या. नाही सांगितलं.

७ जुलै
दुपारी शबानाची भिंत बसली. खाला तेवढ्यात न्हाणीकडे गेलेली, म्हणून वाचली. ताकाची बाजू पूर्ण गेली. शबानाने कुराण शरीफ ओढणीत गुंडाळून आणला आणि माझ्या हातात दिला. भाभी, कुठे उंचावर ठेवा, म्हणाली. देवघराशेजारच्या फळीवर धुतलेलं कापड घालून ठेवला. खालाची खाट आमच्या पुढच्या खोलीत टाकली. मशीन आतल्या खोलीत नेलं. शबाना आणि पोरं ताडपत्रीखाली.

शबाना माझे आभार मानत होती. तिच्याकडे बघवलं नाही. मग सांगून टाकलं, सगळं, खाच, जोतं, साहेब. ती ताडपत्रीची दोरी आवळत होती. मग एवढंच म्हणाली, आबांना माहीत आहे का? नाही म्हटलं. तर म्हणाली, मग राहू द्या भाभी, त्यांचं वय झालंय.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ जुलै
सांगितलं.

खाला मशिदीजवळच्या लेकीकडे गेली होती. आबांना चौकटीशी नेलं, टेप लावून दाखवला. मी भराभरा बोलले, मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. टेपकडे पाहिलंसुद्धा नाही. पायरीवर बसले.

म्हणाले, “मना पाय टेकेल व्हतात, सुमन.”

पाय तळाला टेकले होते? मला आधी कळलंच नाही. मग ते हळूहळू बोलले. त्यांची आई नव्या घराच्या पायरीखाली उभी राहून आल्यागेल्याला ती खाच दाखवायची. बघा केवढं पाणी, माझं पोर तरी काय करणार होतं. “माय सांगे, बठ्ठा आयकेत. मी बी आयकू.” सगळ्यांबरोबर तेही ऐकत राहिले, पुढे पुढे तसंच सांगायला लागले. आईने एवढ्या मायेने दिलेलं परत कसं करायचं, म्हणाले.

“तिना हात मना हातमा व्हता. मी सोडा का तो सुटना, माले आजूनबी समजनं नही.”

मी शेजारी बसले. मला वाटत होतं, पाणी डोक्यावरून होतं हा दिलासा मी त्यांच्याकडून काढून घेतेय. त्यांच्याकडे तो कधी नव्हताच. आधी मी आमरसाचा आग्रह केला, मग तोही सोडला, एकदा नुसतं विचारलं असतं तर.

संध्याकाळी त्यांनीच चष्मा मागितला, हरकतीच्या अर्जावर सही केली. नीट, सावकाश.

१८ जुलै
सुनावणी. आबांना रिक्षाने नेलं. शबाना बरोबर. ह्यांनी रजा काढली, आले, तोंड पाडून का होईना. मोठ्या साहेबांनी विचारलं, आजोबा, तेव्हा डोक्यावर म्हणालात, आता छातीपर्यंत म्हणता, नक्की काय? मागे कोणीतरी हसलं. आबा म्हणाले, आत्ताचं खरं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. साहेब म्हणाले, जागेवर येऊन पुन्हा पाहू. तोवर नकाशा आहे तसाच.

२४ जुलै
तोच टोपीवाला साहेब आला. यावेळी मी हाक मारली नाही. पाऊस थांबलेला, गल्लीत चिखल. ताक पडून गेलेला, चौकट सरकलेली, आता खूण कशाची धरायची, म्हणाला. जाणत्या माणसाने निदान उभं राहून दाखवावं.

आबा माझा हात धरून पायऱ्या उतरले. चपला काढल्या. पायऱ्यांच्या पुढ्यात, जुन्या घराचा उंबरा होता तिथे चिखलात उभे राहिले. म्हणाले, मी तेव्हा जरा उंच होतो, ते धरून घे. मग इथपर्यंत म्हणून आडवा हात छातीला लावला. “आठलगून.”

साहेबाने शेजारी पट्टी धरली. दुर्बिणीतून पाहिलं, लिहिलं. झालं आजोबा, म्हणाला. आबांचा हात तिथेच. खाला दारातून म्हणाली, आबा, झालं, या. तरी हात खाली येईना. दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती, खाली, लहान पोराचं बोट धरावं तशी. मी जाऊन ती मूठ माझ्या हातात घेतली तेव्हा चालायला लागले.

नवा नकाशा कधी, ते साहेबाने सांगितलं नाही. एका माणसाच्या सांगण्यावर रेषा हलेलच असं नाही म्हणाला, वर पाठवतो. धरणातून पाणी सोडणार असल्याची दवंडी दुपारी फिरली. शबानाची ताडपत्री फाटलीय, ह्यांनी भुसावळहून नवी आणायचं कबूल केलंय. आबांचे पाय गरम पाण्याने धुतले, नखांतला चिखल अजून निघाला नाही.