एका घरात एक बंदूक

मालगुंड,
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय उन्मेष,

आधी बातमी सांगून टाकते, नाहीतर तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचशील. नेमबाजीच्या राज्य स्पर्धेतून माझी राष्ट्रीयसाठी निवड झाली! पदक नाही, पण निवड झाली. तुझ्या बोटीवर आनंदाने ओरडायची परवानगी असेल तर ओरडून घे.

आता बाकीचं, सावकाश. फोनवर हे काही सांगता येत नाही. तीन मिनिटांत तू तब्येत विचारतोस, मी पाऊस सांगते, आणि लाइन जाते.

निवडणुका लागल्या तेव्हा परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा असा हुकूम आला, एवढं तुला माहीत आहे. अण्णांची ठासणीची बंदूक गेली आणि माझी रायफलही गेली. मला वाटलं, अण्णांच्या मनासारखं झालं. पोरीच्या जातीला हे खूळ कशाला, असं ते तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण माझी रायफलची पेटी दिसली की पेपर वर धरायचे. रायफल गेली म्हणून मी काही गप्प बसणार होते का! कॉलेजात एनसीसीमध्ये पालथं पडून नेम धरायला शिकले तेव्हापासून ती सवय अंगात मुरलीय, तुला ठाऊक आहे. आईंचं भाताचं मुसळ घेतलं, त्याला रायफलचा पट्टा बांधला आणि रोज सकाळी पडवीत पालथी पडून श्वास धरायचा सराव सुरू केला. समोर खांबाला काळा कागद. आई म्हणाल्या, कोणी पाहिलं तर सून मुसळ घेऊन लोळते म्हणून गावभर होईल. झालंच तसं. भागोजी माड शिंपायला आला की आधी मला बघून हसून घ्यायचा, मग कामाला लागायचा.

पडवीत अण्णांचा झोपाळा. मी पायांशी पडलेली, ते वर पेपर वाचत. एकदा सकाळी आले तर माझ्या जागेवर, बरोबर कोपर टेकतात तिथे, गोणपाटाच्या दोन घड्या घालून ठेवलेल्या. मला वाटलं आईंनी ठेवल्या. विचारलं, तर आईंनी मान झोपाळ्याकडे वळवली. कोपरं सोलवटलेली त्यांना पेपरामागून दिसत होती तर.

मतदान झालं, निकाल लागले, लोक आपापल्या बंदुका आणायला निघाले. तेव्हा कळलं की नवा नियम आलाय: एका घरात एकच परवाना, दुसरा सोडून द्यायचा. मी मनात सगळं आवरून टाकलं रे. पणजोबांपासूनची बंदूक, खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडतात ती, वानरं आली की जिचा एक बार काढला की बाग आठवडाभर निवांत असते ती. तिच्यापुढे माझी कालची रायफल कसली! रडले. पण स्वयंपाकघरात, कांदा चिरताना, म्हणजे कोणी विचारायला नको.

अण्णा ठाण्यातून रिकाम्या हातांनी आले. चप्पल काढत म्हणाले, कागद झालेत, तुझी मिळेल काही दिवसांत. मला आधी कळेचना. मी म्हटलं, आणि तुमची? तेव्हा ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते:

“माकडं हाकायला डबाही चालतो. तुझं काम डब्यानं होणार आहे का?”

आणि आंघोळीला गेले. आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, असू दे, असू दे, आधी कढी उतू जातेय ती बघ.

कागदपत्रांत दिवस गेले. या वर्षी खंडेनवमीला पाटावर नुसता कोयता होता. तिथे कोणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. रायफल हातात आली ती स्पर्धेच्या तोंडावर. पुण्याला निघायच्या पहाटे मी आईंबरोबर दशम्या बांधत होते, तेवढ्यात अण्णा पेटी उचलून देवघरात घेऊन गेले आणि थोड्या वेळाने आणून ठेवली. म्हटलं, देवाला दाखवली असेल.

पुण्यात नेमाचं पहिलं कार्ड लावलं, डोळा रायफलच्या साइटला लावला, तर सगळं तांबडं! काळा ठिपका लाल धुक्यात. ऐन वेळी डोळ्याला काही झालं की काय म्हणून दोनदा डोळे चोळले. मग मागच्या साइटचं ते बारीक भोक बघितलं. त्याच्या कडांना कुंकू चिकटलेलं होतं. अण्णांनी राहिलेली पूजा करून घेतली होती, आणि बंदुकीला लावतात तसं तिच्या डोळ्यालाच बोट लावलं होतं! मी रुमालाच्या टोकाने पुसत होते आणि हसत होते, आणि मग हसता हसता डोळे भरून आले. नेम धरायला थांबावं लागलं. थांबले. आणि मग जी मारली उन्मेष, तशी आजवर कधीच मारली नव्हती.

इथे वानरं मात्र माजलीत. परवा एक कुंपणावर बसून अख्खी पपई खात होतं आणि अण्णा खाली उभे राहून तेलाचा डबा बडवत होते. ते ऐकत होतं निवांत, भजन ऐकावं तसं.

आता खरं कारण. तू माझ्यासाठी रायफल घेऊन आलास त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, “एका घरात एक बंदूक पुरे,” आणि तू त्यांना ‘येतो’ही न म्हणता बोटीवर गेलास. तेव्हापासून फोनवर तू फक्त आई कशी आहे विचारतोस, आणि फोन वाजला की ते बागेत जातात. मी पुण्याहून आले, निकाल सांगितला, तर त्यांचा पहिला प्रश्न: “उन्मेषला कळवलंस?” झोपाळ्याला पायाने एक झोका दिला. मग म्हणाले, “कळव. म्हणावं, घरात एकच ठेवली.” ते सांगायला हे पत्र. माझ्याकडून जन्मभराचे आभार आहेतच, पण हा निरोप त्यांचा आहे. पुढच्या बंदरातून फोन केलास की मला मागू नकोस, अण्णांना माग. बंदुकीचं काही बोलू नकोस, त्यांना जमणार नाही. नुसतं विचार, वानरांचा त्रास फार आहे का.

तुझीच, आणि आता अण्णांचीही,
भार्गवी