पारापुढची पन्नास पावलं

उमरी, जुलै १९६१

प्रिय भाऊ,

काल सकाळी देवीदासने माझ्या सायकलचं हँडल धरून ठेवलं होतं आणि मी सीटवरून उतरत नव्हते. एक पाय पेडलवर, दुसरा नव्या मुरमावर. डाव्या हाताला मारोतीचा पार, त्यावर आठ-दहा माणसं. देवीदास पाटलांचा गडी. त्याने मान वर केली नाही. "उतरा न बाई, मले काहून मधात घेता?" एवढंच हळू म्हणाला. पारावरून कोणी ओरडलं, "मास्तरणीले घोड्यावरून उतरवा रे!" सगळे हसले.

मग भगवंतराव पाटील स्वतः आले. शांतपणे बोलले. आपल्या वस्तीतल्या माणसाने पारापुढे सायकलवरून उतरायचं, पायी असेल त्याने चपला हातात घ्यायच्या. पन्नास पावलं. पुढे शेलगावपर्यंत दोन मैल रस्ता मोकळा. मी अस्पृश्यताबंदीच्या कायद्याचं नाव काढलं. ते म्हणाले, "कायदा अमरावतीले राह्यते, बाई."

हा रस्ता कोणी बांधला, भाऊ? तू आखणी करून गेलास आणि पुढचे तीन महिने वस्तीने घरटी एक माणूस रोज दिला. उन्हाळाभर टेकडीचा मुरूम खणला, टोपल्यांनी वाहिला, नाल्यावर दगड रचले. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या नत्थुजींनी या वयात टोपली खाली ठेवली नाही. ते म्हणत, "बैल त चिखलातूनबी जाते. आपल्या पोरी शाळेत गेल्या पाह्यजे." गावातली मंडळी एका रविवारी आली. फावडी हातात घेऊन फोटो काढून गेली. त्या फोटोत नत्थुजी नाहीत.

गेल्या पावसाळ्यात काळी माती चाकात भरायची आणि मी सायकल खांद्यावर घेऊन शेलगावच्या शाळेत शिकवायला जायची. वस्तीतल्या तिन्ही मुलींची शाळा तर जुलैत सुटायची ती दिवाळीनंतरच भरायची. काल त्या तिघी माझ्यामागून चालत होत्या. पाटलांचं बोलणं संपायच्या आत त्यांनी चपला हातात घेतल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. चपला कशा धरायच्या हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, भाऊ. त्यांना ते येत होतं.

मी सायकल वळवली आणि शेतातल्या जुन्या वाटेने चिखल तुडवत गेले. शाळेत तासभर उशिरा पोचले. मुली माझ्या आधी पोचल्या होत्या, कोरड्या पायांनी.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझ्या ओव्हरसियर देवरावनं रस्ता आणला. मी वळले तेव्हा पाटील मागून म्हणाले, "आमच्यावर काहून तापता? तुमच्या भावानं कबूल केलं, तवाच पारापुढून वाट सोडली. त्यालेच इचारा." म्हणून विचारते. मार्चमध्ये तू पाटलांकडे एकटाच गेलास. हसत परत आलास, "जमलं" म्हणालास आणि जेवायला बसलास. कशावर जमलं ते बोलला नाहीस. नत्थुजी मुरूम वाहत होते आणि तुला ही अट माहीत होती. पाच वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन रेल्वेने परतताना, आता कोणापुढे वाकायचं नाही, असं सगळ्या डब्याला सांगणारा तूच होतास. तू म्हणशील, पन्नास पावलांनी काय बिघडतं, रस्ता तर झाला. ती पावलं तुझी नव्हती. तू अमरावतीत राहतोस. चालायचं आम्हाला होतं. तुझा शब्द मी उद्या मोडणार आहे. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

रागावलेली, तरी तुझीच,
ललिता

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मी सायकलवरून गेले. तिघी पायात चपला घालून मागून आल्या. पारावरून एक ढेकूळ आलं, ते तिघींतल्या गोदाच्या खांद्याला लागलं. ती थांबली नाही. अकरा वाजता हजेरी घेतली. तिघी हजर.