यादीत नाव नाही

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
टॅबने स्वतःला अपडेट करून घेतलं. मला विचारलं नाही. आता चिन्हं सगळी गोल, अक्षरं बारीक आणि वायफाय गायब. ‘जोडू शकत नाही’ एवढंच म्हणतो, कारण सांगत नाही. एकतीस वर्षं नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह चालवलं. कारण न सांगणाऱ्यांना बोलतं कसं करायचं, हे मला शिकवू नये. दुपारपर्यंत निकाल लागेल.

संध्याकाळी ७.३०.
लागला नाही. चिरंजीवांना साध्या फोनवरून कळवलं, की आज दर्शन नाही. त्यांनी लगेच कराराची आठवण करून दिली. हिवाळ्यात मी बाथरूममध्ये पडले आणि दोन दिवस फोनवर ठणठणीत आवाजात बोलत राहिले, तेव्हापासूनचा हा करार. रोज सात वाजता टॅबवर तोंड दाखवायचं. लागोपाठ पाच दिवस दिसले नाही, तर ते गाडी घेऊन येणार आणि मी निमूट त्यांच्याकडे राहायला जायचं. पाच हा आकडा मीच घातला. ते तीन म्हणत होते. मी सवलत देणारी बाई आहे.

मंगळवार, ५ मार्च.
पासवर्ड अकरा वेळा घातला. बरोबर आहे. म्हणजे नेट कुणीतरी ओढतंय. वरच्या मजल्यावरच्या नर्सला जाऊन सरळ विचारलं. ती म्हणाली, रेक्टरबाई, तुमच्या वायफायवर आम्हाला कोण शिरू देतंय, आमचं नाव आहे का यादीत?
ते खरं आहे. नुसत्या पासवर्डवर माझा विश्वास नाही. पासवर्ड काय, कुणीही कुणाच्या कानात सांगतं. म्हणून चार वर्षांपूर्वी नेट जोडणाऱ्या वायरवाल्याकडून राऊटरमध्ये यादी घालून घेतली. वसतिगृहाच्या फाटकावर होती तशीच. यादीत नाव असेल तरच आत. नावं दोन : माझा टॅब आणि ह्यांचा संगणक. हे गेले, संगणकही गेला. नाव काढलेलं नाही.
नर्स म्हणाली, तोवर आमचं नेट वापरा, सातला वर या, चहा घेऊ. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या फाटकातून जाण्याची मला सवय नाही.
सात वाजता : जोडू शकत नाही.

बुधवार, ६ मार्च.
कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी म्हणाली, बंद करून पुन्हा चालू करा. म्हटलं, सोमवारपासून बावीस वेळा केलंय, वेळांसकट नोंद आहे, वाचून दाखवू का? नको म्हणाली. सगळं पुसून टाका, नव्याने सुरुवात होईल, म्हणाली. पुसलं. फोटो गेले, पत्ते खेळायचा खेळ गेला. सात वाजता नव्याने तेच.
चिरंजीव फोनवर विचारत होते, जेवलीस का. मागून सूनबाईंचा आवाज आला, आईंची खोली झाडून घेतली म्हणून सांगा. म्हटलं, चांगली सवय आहे, रोज झाडा.

गुरुवार, ७ मार्च.
वायरवाल्याला बोलवायचं नाही हे तत्त्व. ऊठसूट माणसं बोलावली की आपण म्हातारे झालो असा त्यांचा समज होतो. राऊटर आधी पॅसेजमध्ये, मग फ्रिजवर, मग खिडकीत. खिडकीत बरा दिसतो.
सात वाजता : काहीही नाही.
७.१०. वायरवाल्याला फोन. तत्त्व सोडलेलं नाही. त्याच्या कामाची तपासणी करायची आहे.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी ४.
वायरवाला आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, जिना चढून धापा टाकत. दोन मिनिटांत उलगडा. यादीतलं नाव म्हणजे प्रत्येक यंत्राचा ठरलेला नंबर. अपडेटनंतर हा टॅब स्वतःचा खरा नंबर सांगतच नाही, मधूनमधून नवीनच काहीतरी सांगतो. कुणी पाठलाग करू नये म्हणून. राऊटर यादी बघतो, नंबर सापडत नाही, परत पाठवतो. राऊटर बिघडलेला नाही बाई, तुमचंच ऐकतोय, असं म्हणाला. हे मला आवडलं. टॅबबद्दल मात्र निराशा झाली. खोटं नाव सांगून आत शिरणाऱ्या मुलींना मी एका नजरेत ओळखत असे.
म्हणाला, यादी काढून टाकू का, मिनिटाचं काम आहे. म्हटलं, यादी निघणार नाही. म्हणाला, मग टॅबची ती खोड बंद करतो, जरा शोधावं लागेल. म्हटलं, ते मी करीन, तुम्ही आजचा नंबर यादीत लिहा आणि चहा घ्या. त्याने लिहिला. टॅब लागला. चहा नको म्हणाला. जाताना दारातून परत एकदा म्हणाला, बाई, यादीचा विचार करा.
प्रश्न मिटला. चिरंजीवांना कळवलं : सातला हजर राहा.

६.५०. केस विंचरले. दिवा तोंडासमोर आणला. खबरदारी म्हणून टॅब एकदा बंद करून चालू केला.

७.०५. जोडू शकत नाही. पुन्हा नवीन नंबर घेतला असणार. खोड बंद करण्याची जागा सापडत नाही. सगळी चिन्हं गोल.

७.१५. नर्सच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी मोठ्याने हसत होतं. लोकांच्या घरात ऐन वेळी जाऊन व्यत्यय आणणं बरं नाही. परत आले.

७.३०. चिरंजीवांचा फोन. रागावले नाहीत. सकाळी निघतो म्हणाले.

शनिवार, ९ मार्च.
आले. वाद घातला नाही, हे मला खटकलं. कपाटातले कपडे घड्या न मोडता बॅगेत भरले. हे मी शिकवलेलं आहे. मी म्हटलं, तात्पुरतं. तो म्हणाला, हो आई. नर्स बॅग धरून खालपर्यंत आली. तिला म्हटलं, महिनाभरात परत येते. तीही हो म्हणाली.
राऊटर चालूच ठेवला. माझ्या पाठीमागे यादी बघायला कुणीतरी हवं.

रविवार, १० मार्च. संध्याकाळी ७.३०.
चिरंजीवांकडे. खोली खरोखरच झाडलेली आहे. यांच्या राऊटरला यादी नाही. पासवर्ड एकपासून आठपर्यंतचे आकडे, ओळीने. कुणीही यावं. टॅब बॅगेतून काढला आणि दोन सेकंदांत जोडला गेला. उद्या सकाळी हे घर हातात घेणार आहे.
सात वाजता केस विंचरून टॅब उघडला. मग लक्षात आलं, की ज्याला तोंड दाखवायचं, तो पलीकडच्या खोलीत बातम्या बघतोय. तरी पंधरा मिनिटं बसले. नेट एकदाही तुटलं नाही.