सेल्मरमामांच्या बंदुकीवरचं फूल

एल्म क्रॉसिंग, मिनेसोटा
२४ जुलै १९९४

तीर्थरूप अर्डिसताईस,

धाकट्या हार्लनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात मान खाली असतेच, या वेळी जरा जास्त खाली आहे असं समज.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून ते तुझ्या प्रत्येक बोलण्याला नुसती मान डोलावतात? (तुझी भावजय व्हर्ना म्हणते, यंत्र चालू होतं तेव्हाही ते तेच करायचे.) इकडे सगळे खुशाल. म्हणजे मक्याला पाऊस पुरेसा झाला, टोमॅटो धरले, आणि गेल्या दोन आठवड्यांत या गावात हवापाण्यापलीकडे माझ्याशी कोणी एक शब्द बोललेलं नाही. कारण तुझ्या कानावर आलंच असेल, आपली चुलतबहीण इर्मा फोनच्या शेजारीच राहते. तिच्या हकिगतीत सगळा दोष माझा असेल. माझ्याही हकिगतीत तो माझाच आहे, फक्त माझी हकिगत जरा लांब आहे.

यंदाही चार जुलैनंतरच्या रविवारी आपलं सगळं गोत चर्चच्या तळघरात जमलं. तू आली नाहीस हे वाईट झालं. तू असतीस तर टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली असतीस आणि मी वाचलो असतो. जेवणं झाली (बटाट्याचे तेच ते सात भाजलेले प्रकार आणि हिरवी जेली; तिच्यात किसलेलं गाजर का घालतात हे मी आजवर विचारलेलं नाही, बघ, मलाही गप्प बसता येतं), कॉफीचा दुसरा फेरा झाला, आणि दरवर्षीसारखी सेल्मरमामांनी चादरीत गुंडाळलेली ती जपानी बंदूक टेबलावर ठेवली. गोष्ट तुला तोंडपाठ आहे. फिलिपिन्समधलं लेटे बेट, चव्वेचाळीसचा नोव्हेंबर, गुडघाभर चिखल, झाडामागून आलेला जपानी शिपाई आणि मामांनी नुसत्या हातांनी हिसकावून घेतलेली बंदूक. आई होती तेव्हा आपल्या या भावाची गोष्ट सुरू झाली की ती विणकाम खाली ठेवायची. एवढ्या वर्षांत मामांनी ती बंदूक कधी कोणाच्या हातात दिली नव्हती. यंदा ती उचलून धरणं त्यांना जड जात होतं. "हार्लन, तू धर जरा," ते म्हणाले. ताई, त्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला होता, हे मला आज कळतंय. त्या घटकेला मला एवढंच सुचलं की आपल्या खिशात भिंग आहे.

जेवायला जाताना भिंग कशाला, असं तू विचारशील. (व्हर्नाने विचारलंच होतं.) अगं, तीस वर्षं डेअरीत लोण्याची प्रत ठरवण्यात गेली. लोकांनी प्रेमाने पुढे केलेला चमचा चाखायचा आणि 'दुसरी प्रत' म्हणून मोकळं व्हायचं, हा माझा धंदा. निवृत्त झाल्यावर माणसाने मासे तरी धरावेत. मी जुन्या लष्करी बंदुकांच्या नादी लागलो. आमच्यासारखे लोक बंदुका उडवत नाहीत, वाचतात. कुठल्या स्क्रूवर कुठल्या कारखान्याचं अक्षर, कुठल्या लाकडावर कुठल्या तपासनिसाचा ठसा, यावर आम्ही रविवारचे रविवार घालवतो आणि आमच्या बायका दुसऱ्या खोलीत आमच्याबद्दल बोलत बसतात. तर जपानी बंदुकीवर, नळी जिथे सुरू होते तिथे वरच्या बाजूला, सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असतं. ती त्यांच्या बादशहाची खूण. लढाईत हाती लागलेल्या बंदुकीवर हे फूल शाबूत असतं. शरणागतीनंतर जमा झालेल्या बंदुकांवरचं मात्र घासून टाकायचे, आणि मग त्या ढिगातून घरी निघालेल्या आपल्या शिपायांना आठवण म्हणून एकेक देऊन टाकायचे. मामांच्या बंदुकीवर फूल नव्हतं. त्या जागी कानशीचे ओरखडे होते.

इथे थांबता आलं असतं. फूल नंतर कोणीही घासलं असेल, असं मनाशी म्हणून मी बंदूक खाली ठेवली असती तर आज हे पत्र तुझ्या गुडघ्यावरच संपलं असतं. पण माझी जीभ! मी बंदूक उजेडात धरली आणि सुरू झालो. हे ओरखडे बघा. दस्त्याच्या टोकाला पोलादी पत्रा हवा, इथे लाकडाची फळी खिळ्यांनी ठोकली आहे, म्हणजे तिकडे पोलाद संपत आलं होतं. नेम धरायला वरखाली होणारी पट्टी हवी, इथे नुसतं भोक आहे. आणि आकड्याच्या आधी हे गोलातलं अक्षर बघा, यावरून तर महिनासुद्धा सांगता येतो. मला वाटत होतं, सगळे किती मन लावून ऐकताहेत! शेवटी तळघरातल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "ही पंचेचाळीसच्या उन्हाळ्यातली आहे. मामांनी हिसकावली तेव्हा ती जन्मालाच आली नव्हती." वर आणखी, कोणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की अस्सल बघायची असेल तर माझ्या बैठकीत या, माझ्या भिंतीवरच्या बंदुकीचं फूल शाबूत आहे.

आपली माणसं तुला ठाऊक आहेत, डोक्यावर छप्पर कोसळलं तरी ती एवढंच म्हणतील की बरंय, निघायला हवं. इर्मा जेली झाकायला लागली. मामांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, चादरीची चारही टोकं नीट दुमडून तिच्यावर घातली आणि कठडा धरून एकेक पायरी चढत निघून गेले. त्यांची कॉफी अर्धी राहिली होती. मी भिंग हातात घेऊन तसाच उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या कॉफीला कॅफेत त्यांची खुर्ची रिकामी. कोणी तिच्यावर बसतही नाही आणि माझ्याकडे बघतही नाही. घरी व्हर्ना मला कोरडा टोस्ट देते; विचारलं तर म्हणते, तुम्हाला कुठलं लोणी पसंत पडतंय! (आपलाच धंदा आपल्यावर असा उलटेल असं वाटलं नव्हतं.) चौथ्या दिवशी दालचिनीचा केक घेऊन मामांकडे गेलो. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. मी तीनदा पुढे केला. त्यांनी तिसऱ्यांदाही नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खरंखुरं नको म्हटलं, ताई, आणि त्यानंतर काय करायचं असतं हे मला माहीत नाही. त्यांच्या भिंतीवर बंदुकीच्या जागी नुसते दोन खिळे होते. मी तिकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"मी तिकडे चार वर्षं पाव भाजले, हार्लन," ते म्हणाले. "दिवसाला हजार हजार पाव. परत आलो तर पावाबद्दल कोणी विचारलं नाही. जो तो विचारायचा, बंदूक कुठे मिळाली?"

मग जाळीचं दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. केक मी गाडीत बसून एकट्याने खाल्ला आणि रडलो, हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. मला सगळी अक्षरं वाचता येतात गं. कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात, सगळं. आणि ज्यांच्या हातचा पाव लहानपणापासून खातोय त्या सख्ख्या मामांना, तुम्ही तिकडे काय करत होता, हे मी एकदाही विचारलं नाही.

असो. तुझी औषधं वेळेवर घे. भावजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा लाडका (निदान जूनपर्यंत तरी) भाऊ,
हार्लन

ता. क. एक काम होतं. तू चाळीस वर्षं शिकवलंस, तुझा शब्द या गावात कोणी खाली पडू देत नाही. मामांना चार ओळी लिही की हार्लन चुकला, तू कुठल्याशा पुस्तकात वाचलंस की त्या खुणांवरून काहीच सांगता येत नाही. सोयीसाठी मुद्दे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत.

पुन्हा ता. क. तो कागद शोधू नकोस, फाडला. लिहिता लिहिता मीच त्यातल्या चुका दुरुस्त करायला लागलो, आणि शेवटी पुन्हा पंचेचाळीसचा उन्हाळाच निघाला. शिवाय मामा भोळे नाहीत.

शेवटचा ता. क. वीस ऑगस्टला माझी साठी आहे. सगळे आमच्या बैठकीत जमतील. व्हर्नाने मामांना पाव भाजून आणाल का म्हणून विचारलंय, आणि त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. तू ये, गुडघ्याचं कारण सांगू नकोस. कॉफीच्या दुसऱ्या फेऱ्यानंतर माझ्या भिंतीवरची बंदूक उतरव आणि माझ्या खिशातलं भिंग माग. मी नको नको म्हणेन, तू ऐकू नकोस. ते फूल नंतर कोणीतरी कोरलेलं आहे. घासलेल्या जागी बसवलंय, आणि कोरणाऱ्याचा अंदाज चुकलाय. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मी रोज मोजतो. मामांना पुढच्या खुर्चीत बसव, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. आणि पाकळ्या एकेक करून सगळ्यांसमोर मोठ्याने मोज. पंधरा आहेत.