बोलण्यात सहा

मीरा रोड,
७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सकाळी बँकेत हयातीचा दाखला दिला. येताना दूध आणलं. दुपारी वरणभात. सव्वातीनला निकाल आला.

प्रिय रसिका,

साडेपाच! कसले, असं विचारशील. तीच इंग्रजीची परीक्षा, जी तुझ्याकडे कायमचं राहायला यायच्या फाइलला लागते. मार्चमध्ये मीच तुला बंद करायला लावली, ती फाइल. नवापैकी गुण देतात. ऐकण्यात साडेचार, वाचण्यात आणि लिहिण्यात साडेपाच, बोलण्यात सहा. लागत होते त्यापेक्षा जास्तच. आणि सगळ्यात जास्त बोलण्यात, रसिका! मला! चष्मा पुसून तीनदा बघितलं.

तुला काहीच सांगितलं नव्हतं. आईने जानेवारीत बेव्हर्ली पार्कमधल्या क्लासला आमची दोघांची नावं घातली होती. ती एकदाच जाऊन आली. जूनमध्ये मी नावं काढायला गेलो. स्वप्नाली मॅडम, तुझ्याहून लहान, म्हणाल्या, "या काका, बसा, आत्ताच सुरू करतोय." नावं काढायची राहूनच गेली. बसलो. मग रोजच जायला लागलो.

परीक्षा मजेशीर असते. ऐकण्याच्या भागात बाई म्हणते मंगळवार, आपण लिहितो, तोवर ती म्हणते, नाही नाही, बुधवार. लिहिण्यात पत्र असतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखाली बसून मी कुठल्याशा घरमालकाला 'माझ्या खोलीतला हीटर बंद आहे' अशी वीस तरी पत्रं लिहिली असतील. नोकरीभर स्टोअरचे कागद इंग्रजीतच लिहिले, त्यामुळे ते जमायचं. बोलताना मात्र येस आणि नो. शेजारी बसणारा निकेत म्हणायचा, "काका, तुम्ही काय कोर्टात उभे आहात?" मॅडम म्हणायच्या, "खोटं बोला काका, पण थांबू नका. तिथे भाषा बघतात, खरं-खोटं कोणी तपासत नाही." म्हणून क्लासने प्रत्येकाकडून उत्तरासाठी गणिताचे एक खोटेच प्रेमळ सर पाठ करून घेतले होते. बारा जणांचे सर एकच!

परीक्षेत कार्ड आलं: ज्यांच्याकडून काही शिकलात अशा व्यक्तीबद्दल बोला. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन. मी सरांपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकलो. समोरच्या गृहस्थांना म्हटलं, सर, हे खोटं आहे, मी माझ्या बायकोबद्दल सांगतो. आणि सांगितलं. ती पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकली, मग मलाही शिकवायला समुद्राकाठच्या पालीच्या रस्त्यावर घेऊन गेली. ती मागून धावत होती. मी सरळ बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर. कोळीणबाई ओरडली, "आरं, बोंबील हायत ते, गादी न्हाय!" आणि तुझी आई मदतीला यायचं सोडून रस्त्यातच हसत बसली. हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं, मला माहीत नाही. पडलो कसा ते हातांनी दाखवलं. साहेब थँक्यू म्हणाले, तरी मी बोलतच होतो. त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

मार्चमध्ये तू फोनवर 'या' म्हणालीस. मी 'घर कोण बघणार' म्हणून फोन ठेवला. घराचं काही नव्हतं गं. सोसायटीत, बँकेत, तुझ्या फोनवरसुद्धा आईच बोलायची, मी शेजारी बसायचो. तिच्याशिवाय तुझ्याकडे येऊन नुसता गप्प बसून राहीन, सुरुची तर इंग्रजीच बोलते, तिला आजोबा म्हणजे खुर्चीतला एक माणूस वाटेल, याची भीती वाटली. आता तिला निदान बोंबलांची गोष्ट सांगता येईल. तेव्हा फाइल पुन्हा उघड. अर्जात एकच नाव घाल. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिलं. आईची स्कूटर फेब्रुवारीपासून कव्हरखाली आहे. तेव्हा मी शिकलो होतो, पण चालवायची तीच. आता ती पुसतो, चालू होते का बघतो, आणि तिच्यावरूनच हे पत्र टाकून येतो.

तुझाच,
बाबा