कोलंबाइनचा वाफा

आई,

तुम्ही डोळे तपासायला गेलात आणि इकडे ह्यांनी आपला कोलंबाइनच्या फुलझाडांचा वाफा पायांनी तुडवून, फावड्याने तोडून टाकला. "दोघी दिवसभर त्या मातीतच लोळता," म्हणाले. मी आडवी गेले, तर फावडं माझ्यावरच उगारलं. आज मी मार खाल्ला नाही. हातातलं खुरपं त्यांच्या दंडात खुपसलं. अंगणात रक्त दिसेल, ते त्यांचं आहे. टाके घालून घ्यायला गेलेत, जिवाला धोका नाही.

मी स्वतःच पोलिसांत सगळं सांगायला चालले आहे.

मोडलेली झाडं उपटू नका. मुळं खोल गेलीत, पुन्हा फुटतील.

ते दाराशी येऊन "आई" म्हणून हाक मारतील. कडी काढू नका. मीही तुम्हाला आईच म्हणते.